चोक: सकाळी गाडी उठवण्याची विद्या

आजच्या भागात एका छोट्या मुठीचा इतिहास बघू. जुन्या गाड्यांमधली चोकची मूठ.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. कोल्ड स्टार्टला बाहेर थंडी असावीच लागते असं नाही. रात्रभर उभं राहिलेलं इंजिन मुंबईतही थंडच असतं, पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात तर विचारूच नका. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते ती त्याची वाफ. विल्हेल्म मायबाखने १८९३ च्या सुमारास फवारा मारणारा कार्बोरेटर बनवला, तेव्हापासून तत्त्व तेच आहे: इंजिन हवा ओढतं, हवेबरोबर पेट्रोल येतं. गरम इंजिनाला वजनाने १ भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा पुरते. थंड इंजिनात मात्र बरंचसं पेट्रोल थेंब होऊन मॅनिफोल्डला चिकटून राहतं. म्हणून सुरुवातीला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. चोक ओढला की हवेची वाट अडते, ओढ वाढते आणि पेट्रोल जास्त येतं.

आता आपली कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी घ्या. सकाळी ती सुरू झाली नाही की मेकॅनिक एका ठरलेल्या क्रमाने जायचा. स्टार्टर जोरात फिरतोय का? नसेल तर बॅटरी बघा. गाडी चार दिवस उभी होती का? मग फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उडून गेलं असेल, पंपाला ते भरायला वेळ द्या. चोकची केबल खरंच पाती हलवते का? पेट्रोलचा वास येतोय आणि प्लग ओले आहेत? म्हणजे गाडी फ्लड झाली. चोक आत ढकला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि मग स्टार्टर मारा. प्लग कोरडे असतील तर पेट्रोल पोचतच नाहीये.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे सरळ डीबगिंग वाटतं. एका वेळी एकच शक्यता बाद करायची. फरक इतकाच, की इथे सेन्सर म्हणजे माणसाचं नाक, कान आणि हात.

पण चोकची दुसरी बाजूही आहे. इंजिन गरम झाल्यावर चोक आत करायचा राहिला, की धुराड्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल शहरात जायचं. एप्रिल २००० पासून देशभर धुराचे नियम कडक झाले आणि फ्युएल इंजेक्शनने कार्बोरेटरची जागा घेतली. आता इंजिनाचं तापमान सेन्सर मोजतो आणि किती पेट्रोल द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. हवेसाठी हे बरंच झालं.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. २० वर्षांची मुदत संपली आणि २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. गाडी संग्रहालयात ठेवता येते हो. पण प्लगचा वास घेऊन दुखणं ओळखणारा माणूस तिथे कसा ठेवणार? तुमच्या गल्लीत असा एखादा जुना मेकॅनिक असेल, तर त्याच्याशी बोला आणि जमलं तर रेकॉर्ड करून ठेवा.

भेटू पुढच्या भागात.