स्त्रियांचा फुटबॉल आणि मैदानाचा हक्क

एखाद्या खेळास मान्यता मिळाली, असे केव्हा म्हणावे? प्रेक्षक लोटले म्हणजे मान्यता मिळाली, असे आपण सहज धरून चालतो. स्त्रियांच्या फुटबॉलचा इतिहास मात्र निराळे सांगतो.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत स्त्रिया कामास लागल्या. प्रेस्टन येथील ‘डिक, कर’ कारखान्यातील मुलींनी संघ उभारला व जखमी सैनिकांच्या मदतीसाठी सामने खेळले. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहण्यास सुमारे ५३,००० माणसे जमली. परंतु वर्ष पुरते भरले नाही तोच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तेथील फुटबॉल असोसिएशनने हा खेळ स्त्रियांस योग्य नाही असे ठरवून आपल्या क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. खेळ बेकायदा ठरला नव्हता. खेळावयास जागा तेवढी उरली नाही. एवढ्यानेच तो सुमारे पन्नास वर्षे मागे पडला.

आपल्या देशात १९७५ मध्ये स्त्रियांच्या फुटबॉलची स्वतंत्र संघटना निघाली आणि त्याच वर्षी लखनौस पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९८३ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारत उपविजेता ठरला. त्याच वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार लाभला. पुढे महाराष्ट्राने या कार्यास हातभार लावला, तोही मैदाने देऊनच. २०२२ च्या आरंभी आशियाई करंडकाचे सामने मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे झाले. भारताने इराणशी बरोबरी साधली; पण करोनाने खेळाडू आजारी पडल्यामुळे संघास स्पर्धा सोडावी लागली. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वकरंडकाचा अंतिम सामना नवी मुंबईस झाला. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ असे हरवून भारतीय मुलींनी २०२६ च्या आशियाई करंडकात स्थान मिळविले.

वाशीम जिल्ह्यातून नवी मुंबई फार दूर आहे. तरी रिसोडच्या किंवा मानोऱ्याच्या मुलीची तेथवरची वाट शाळेच्या पटांगणातूनच जाते. इंग्लंडमध्ये ठराव करून जे घडविले, ते आपल्याकडे ठरावावाचूनही घडू शकते: मुलगे खेळतात आणि मुली कडेला उभ्या राहतात. शाळा सुटल्यावर निदान एक तास ते पटांगण मुलींचे असावे. त्यासाठी मुंबईची किंवा दिल्लीची परवानगी लागत नाही. ते आपणांसच करता येण्याजोगे आहे.