हायकोर्टाचा नकाशा काढणारा माणूस

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधली हायकोर्टाची इमारत कोणी बांधली, असं विचारलं की उत्तर येतं, इंग्रजांनी. पण सरकार पैसे देतं आणि कोनशिला बसवतं. पहिली रेघ मात्र कोणीतरी एक माणूस टेबलाशी बसून ओढतो. या इमारतीची पहिली रेघ ज्याने ओढली त्याचं नाव हेन्री अलेक्झांडर नेस्बिट मेड. मी सार्वजनिक बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होतो, सरकारी कागदावर ‘आरेखक’. दुसऱ्याच्या डोक्यातली इमारत मोजमापासह कागदावर उतरवणं, हे माझं आयुष्यभराचं काम. मेड यांच्याविषयी मला ओढ वाटते ती त्यामुळेच. त्यांच्या उमेदीची वर्षंही दुसऱ्याच्या नावाच्या इमारतींवर गेली.

मेड यांचा जन्म १८९२ चा. १९१९ साली ते दिल्लीत आले तेव्हा नवी दिल्ली म्हणजे खणलेले पाये आणि दगडांचे ढीग होते. व्हाइसरॉयचा वाडा एडविन लट्यन्स यांचा, सचिवालयाच्या दोन इमारती आणि गोल संसद भवन हर्बर्ट बेकर यांचं. हे दोघे मोठे लोक. त्यांची कचेरी इंग्लंडात, दिल्लीत येणं हंगामापुरतं. जागेवर रोज उभं राहणारा माणूस वेगळा लागतो. बेकर यांच्या बाजूने ते काम मेड यांनी केलं.

हे काम काय असतं ते मी सांगू शकतो. कागदावर कंगोरा सुंदर दिसतो, पण पाथरवटाला तो खऱ्या मापात काढून द्यावा लागतो. त्यावरून पत्र्याचा फर्मा कापायचा, तो दगडावर ठेवून रेघ मारायची, मग छिन्नी चालते. खाणीतून दगड कमी जाडीचा आला तर थर बदलतात, थर बदलले की खिडकीची उंची सरकते, खिडकी सरकली की वरची सगळी ओळ बिघडते. मोठ्या वास्तुविशारदाला हे पत्राने कळवून उत्तर येईपर्यंत गवंडी थांबत नाहीत. निर्णय जागेवरचाच माणूस घेतो. इमारत चांगली झाली तर नाव मोठ्या माणसाचं होतं. यात अन्याय आहे असं मी म्हणणार नाही, कारण शिकायला याहून चांगली शाळा नाही.

त्या शाळेतून मेड काय शिकले ते दिल्लीतल्या दोन चर्चमध्ये दिसतं. संसद भवनाजवळचं कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन त्यांचं. १९२७ ते १९३५ या काळात ते उभं राहिलं. गोल डाकखान्याजवळचं सेक्रेड हार्ट कॅथेड्रलही त्यांचंच. बेकर यांचं काम बघता बघता या माणसाने स्वतःचा हात बसवला होता. पण मला विचाराल तर त्यांचं खरं मोठं काम दिल्लीत नाही, आमच्या गावात आहे.

नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. १८६१ साली मध्य प्रांत झाला तेव्हापासूनच नागपूर राजधानी होतं, १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभारही त्याला जोडला गेला. एवढा मोठा प्रांत, पण वरचं न्यायालय म्हणजे ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट. हायकोर्टाचा मान मिळाला तो १९३६ च्या जानेवारीत. पहिले मुख्य न्यायाधीश सर गिल्बर्ट स्टोन. व्हिव्हियन बोस हेही त्याच वर्षी या कोर्टाचे न्यायाधीश झाले; ते पुढे इथले मुख्य न्यायाधीश आणि मग सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. कोर्ट आलं, त्याला शोभेल अशी इमारत हवी होती. ९ जानेवारी १९३७ रोजी गव्हर्नर सर हाइड गोवन यांनी कोनशिला बसवली.

आता आकडे सांगतो, कारण या इमारतीची गंमत आकड्यांत आहे. बाहेरून लांबी ४०० फूट, रुंदी २३० फूट. म्हणजे मधल्या चौकासह दोन एकरांहून थोडी जास्त जागा. मजले दोन. इमारतीची उंची ५२ फूट. लांबी उंचीच्या साडेसातपटीहून जास्त, म्हणजे खरं तर ही इमारत जमिनीला चिकटल्यासारखी बसकी दिसायला हवी. मेड यांनी मूळ आराखड्यात मधला घुमट जमिनीपासून १०९ फुटांवर नेला, बाकीच्या उंचीच्या दुपटीहून थोडा वर. ते ‘थोडं वर’ काढून पाहा, घुमट दबून जातो. वाढवून पाहा, पसरलेले दोन्ही हात केविलवाणे दिसतात. मी हे ट्रेसिंग पेपरवर पुन्हा पुन्हा काढून पाहिलं आहे आणि दरवेळी मेड यांचंच माप बरोबर निघालं.

बाहेरून घडीव वाळूखडक, आत विटांचं काम. व्हरांड्यांत आणि कचेऱ्यांत सिकोसा आणि शहाबादची फरशी. मध्ये बागेचा चौक. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा या मांडणीचा अर्थ कळतो. चौकामुळे आतल्या बाजूलाही उजेड आणि वारा मिळतो, जाड भिंत ऊन उशिरा आत सोडते, पायाखालची फरशी गार राहते. आज काचेच्या इमारती बांधून दिवसभर एसी चालवणाऱ्यांनी इथल्या व्हरांड्यात भर दुपारी उभं राहून पाहावं. एकूण खर्च आला ७,३७,७४६ रुपये.

याच वेळी उत्तरेत आणखी एक परदेशी वास्तुविशारद काम करत होता, आणि त्याची गोष्ट मला मेड यांच्या गोष्टीशेजारी ठेवावीशी वाटते. वॉल्टर बर्ली ग्रिफिन, अमेरिकेतल्या शिकागोकडचा. उमेदवारी फ्रँक लॉइड राइटच्या कचेरीत. १९१२ साली ऑस्ट्रेलियाच्या नव्या राजधानीची, कॅनबेराची, स्पर्धा त्याने जिंकली. म्हणजे इकडे दिल्ली आखली जात होती, तिकडे कॅनबेरा. १९३५ मध्ये ग्रिफिन लखनौला आला, विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी. त्याला हा देश इतका भावला की एकामागून एक नकाशे काढत सुटला. ‘पायोनियर’ वृत्तपत्राची इमारत त्यातली. नागपुरात कोनशिला बसली त्याला जेमतेम महिना झाला आणि ११ फेब्रुवारी १९३७ रोजी लखनौच्या इस्पितळात शस्त्रक्रियेनंतर ग्रिफिन वारला. त्याची कबर तिथेच आहे.

पण मला त्या कहाणीत जास्त जवळची वाटते ती त्याची बायको, मॅरियन महोनी. ती स्वतः शिकलेली वास्तुविशारद. राइटच्या नावाने जगभर गाजलेली कितीतरी रेखाचित्रं तिच्या हातची, आणि कॅनबेराच्या स्पर्धेत परीक्षकांसमोर गेलेली देखणी चित्रंही तिचीच. लखनौतही ती नवऱ्याच्या शेजारी बसून काम करत होती. शहर ग्रिफिनचं, घरं राइटची, रेघ मॅरियनची. आमच्या व्यवसायात मॅरियन खूप असतात. मेड यांना निदान नागपुरात एक मोठी सरकारी इमारत स्वतःच्या नावावर करता आली.

६ जानेवारी १९४० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या हस्ते उद्घाटन झालं. त्यांनी इमारतीला दगडातली कविता म्हटल्याचं कोर्टातले लोक अजून सांगतात. बाहेर महायुद्ध सुरू झालं होतं, काँग्रेसची मंत्रिमंडळं दोन महिन्यांपूर्वी राजीनामे देऊन बाहेर पडली होती. साम्राज्याचा शेवट जवळ आला होता आणि त्या साम्राज्याची एक उत्तम इमारत त्याच वेळी नागपुरात पूर्ण झाली. मेड १९३९ ते १९४७ भारत सरकारचे मुख्य वास्तुविशारद होते. १९७७ साली ते वारले.

इमारतीला सोळा वर्षं होतात न होतात तोच १ नोव्हेंबर १९५६ आला. राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नव्या मध्य प्रदेशाचं हायकोर्ट जबलपूरला बसलं. इथले मुख्य न्यायाधीश हिदायतुल्ला, जे पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले, तेही जबलपूरला गेले. नागपूरची राजधानी गेली. उरलं ते मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ, आणि ते बसलं मेड यांच्याच घुमटाखाली. जुन्या माणसांना राजधानी गेल्याची बोच अजून आहे, मलाही आहे. पण मी त्यांना सांगतो, प्रांत गेला तरी प्रांतासाठी बांधलेलं न्यायालय रिकामं पडलं नाही. ज्या कामासाठी बांधलं तेच काम तिथे आजही चालतं. जुन्या इमारतींत हे भाग्य कमी जणींना मिळतं. बऱ्याचशा गोदाम होतात नाहीतर पाडल्या जातात.

या दगडाखाली राबलेल्या पाथरवटांची, गवंड्यांची, नकाशे उतरवणाऱ्या ड्राफ्ट्समनची नावं मेड यांच्या नावासोबत कोणी लिहीत नाही. ती आता मिळणंही कठीण. मात्र त्यांचं काम अजून वाचता येतं. नागपुरात आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. परवानगी काढा, टेप घ्या, इमारत प्रत्यक्ष मोजा आणि तिचे नकाशे हाताने काढा: प्रत्येक कंगोरा, प्रत्येक सांधा, दगडाचा प्रत्येक थर. संगणकावर नंतर चढवा, पण आधी हाताने. ६ जानेवारी २०४० ला इमारतीला शंभर वर्षं पूर्ण होतील. तोवर पूर्ण संच तयार व्हायचा असेल तर काम आत्ताच हाती घ्यायला हवं.