खाट घरची, जबाबदारी कोणाची?

घरातले वृद्ध माणूस धापा टाकू लागले की आपल्याला प्रथम आठवते ते इस्पितळ. त्यात चूक नाही. पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आला तर तेथेच धाव घेतली पाहिजे. परंतु म्हातारपणाची पुष्कळ दुखणी, वेळेवर डॉक्टर व परिचारिका दाराशी आली, तर घरच्या खाटेवरही बरी होतात. हा ‘तर’ फार महत्त्वाचा आहे. त्याचाच इतिहास आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

1859 साली लिव्हरपूल शहरातील विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याची पत्नी वारली. तिची शुश्रूषा करणाऱ्या मेरी रॉबिन्सन या परिचारिकेला त्याने शहरातील गरिबांच्या घरी जाऊन तेच काम करण्यासाठी पगारावर नेमले. तेथील दैन्य पाहून महिन्याभरातच ती बाई हताश होऊन परतली; परंतु रॅथबोनने समजूत घातल्यावर पुन्हा कामाला लागली. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या सल्ल्याने परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले आणि लिव्हरपूलचे 18 विभाग पाडून घरोघरच्या शुश्रूषेची व्यवस्था लागली.

दुसरा टप्पा न्यूयॉर्कचा. मॉन्टेफिओरे इस्पितळाचे प्रमुख डॉ. ब्लूस्टोन यांनी 1947 साली जुनाट रोग्यांना घरी ठेवूनच इस्पितळाचे उपचार देण्यास प्रारंभ केला. त्यांनी डॉक्टर व परिचारिका तर पाठविल्याच. शिवाय समाजसेविका आणि घरकामाला मदतनीसही दिली. पॅरिसमध्ये 1957 साली अशीच योजना निघाली व 1970 च्या कायद्याने फ्रान्समध्ये तिला मान्यता मिळाली.

वृद्धांच्या बाबतीत या पद्धतीला आणखी एक कारण आहे. इस्पितळात दिवसेंदिवस पडून राहिल्याने म्हाताऱ्या माणसाच्या पायांतील बळ जाते. परक्या जागी काहींना भ्रमही होतो. ब्रिटनमधील 1,055 वृद्धांची पाहणी 2021 साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनंतर दोन्हीकडील मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते. परंतु कायमचे शुश्रूषागृहात जावे लागलेले लोक इस्पितळाच्या गटात शेकडा 8.7, तर घरच्या गटात 5.7 होते. इंग्लंडमध्ये 2022 पासून, वृद्ध माणूस घरी पडले किंवा एकाएकी खालावले, तर दोन तासांत पथक घरी पोहोचावे असा दंडक झाला आहे.

आता आपल्याकडे वळू. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या 56 व्या कलमात, विमेदाराच्या घरी जाऊन उपचार करणे हाही वैद्यकीय लाभाचा एक प्रकार सांगितला होता. ही योजना 1952 साली कानपूर व दिल्लीत आणि 1954 साली मुंबईत आली. म्हणजे ही कल्पना आपल्या कायद्याला परकी नाही. परंतु कलम स्वतः चाळीचा जिना चढत नाही. त्यासाठी पगारी माणसे लागतात. कामगारवस्तीत आम्ही पाहिली ती घरची शुश्रूषा सुनेने किंवा मुलीने खाडा करून केलेली. तिचा बुडालेला रोज कोणाच्याही जमाखर्चात मांडला जात नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. घरचा उपचार इस्पितळापेक्षा स्वस्त पडतो असे कोणी म्हणाले, तर प्रथम विचारावे: स्वस्त कोणाला? रात्री दोन वाजता हाक मारली तर कोण येणार? प्राणवायूच्या नळकांड्याचे पैसे कोण देणार? उशाशी बसलेल्या बाईला विसावा कोण देणार? यांची उत्तरे असतील, तर घर हे खरोखरच उत्तम इस्पितळ होईल. ती नसतील, तर इस्पितळाने आपला भार उचलून सुनेच्या डोक्यावर ठेवला, एवढाच त्याचा अर्थ. रॅथबोनने 1859 साली प्रथम काय केले, तर परिचारिकेचा पगार ठरविला. आपणही आरंभ तेथूनच केला पाहिजे.