दरबारी कारस्थान आणि नाटककाराचा न्याय

राजवाड्यातील कारस्थान हा विषय नाटककाराला जितका प्रिय, तितकाच इतिहासकाराला अडचणीचा आहे. कारस्थान गुप्त असते. त्याचा कागद सहसा मागे उरत नाही, आणि उरलाच तर त्यावर कोणाचा तरी हात फिरल्याची शंका राहते. ही रिकामी जागा नाटककार भरून काढतो. ती भरताना तो दोष कोणाच्या माथी मारतो, हे पाहण्यास पुण्यातील शनिवारवाडा आणि कोरियातील जोसन घराण्याचा राजवाडा ही दोन समकालीन उदाहरणे उपयोगी पडतात.

३० ऑगस्ट १७७३ रोजी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याचा शनिवारवाड्यात गारद्यांनी खून केला. या घटनेची बीजे जुनी होती. राघोबादादांची सत्ताकांक्षा थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीतच उघड झाली होती. १७६८ मध्ये धोडप येथे पराभव झाल्यावर त्यांना याच वाड्यात नजरकैदेत ठेवण्यात आले. १७७२ च्या नोव्हेंबरात माधवराव निवर्तले आणि चुलता-पुतण्याचा कलह पुन्हा पेटला. त्यात कारभाऱ्यांमधील तट आणि गारद्यांच्या थकलेल्या पगाराची तक्रार यांची भर पडली. तथापि लोकस्मृतीत या साऱ्या कारणांची जागा एकाच अक्षराने घेतली. ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’चा ‘मा’ आनंदीबाईंनी केला, ही ती आख्यायिका होय.

रंगभूमीला हे एक अक्षर पुरेसे झाले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ १९०९ मध्ये, म्हणजे सुरतेच्या अधिवेशनातील फुटीनंतर दोनच वर्षांनी, रंगभूमीवर आले. दुहीचा प्रश्न त्या प्रेक्षकांच्या दृष्टीने केवळ ऐतिहासिक नव्हता. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९४४ मध्ये ‘रामशास्त्री’ हा चित्रपट काढला. त्यात गजानन जागीरदार रामशास्त्री, तर ललिता पवार आनंदीबाई झाल्या होत्या. दोन्ही कृतींत एका टोकाला महत्त्वाकांक्षी स्त्री आणि दुसऱ्या टोकाला निःस्पृह न्यायाधीश उभा आहे. सत्तेला आवर घालण्याचे काम मराठी नाटककाराने शस्त्राकडे न सोपवता न्यायासनाकडे सोपविले, हा या परंपरेचा विशेष मानावा लागेल.

कोरियातील घटना याहून अकरा वर्षे आधीची. १७६२ मध्ये राजा योंगजो याने आपला पुत्र युवराज सादो यास तांदळाच्या पेटीत कोंडविले. आठ दिवसांनी तो मरण पावला. सादोचा पुत्र जोंगजो १७७६ मध्ये गादीवर आला. त्याच्या जीवनावरील ‘यी सान’ ही सत्त्याहत्तर भागांची मालिका २००७-०८ मध्ये तेथील एमबीसी वाहिनीने दाखविली. तीत नोरोन तटाचे सरदार आणि राणी जोंगसुन ही कारस्थानाची मुख्य केंद्रे आहेत. वस्तुतः १७६२ मध्ये राणीच्या विवाहास अवघी तीन वर्षे झाली होती. तिच्या हाती प्रत्यक्ष राज्यकारभार आला तो १८०० नंतर, अल्पवयीन राजाची पालक म्हणून. उत्तरकाळातील सत्तेची छाया मालिकेने पूर्वकाळावर पाडली आहे, असे दिसते.

दोन्ही परंपरांत भेदही आहे. पुण्याच्या कथेचा शेवट निवाड्यात होतो. कोरियन मालिकेत मात्र न्यायाचा भार वारसावरच पडतो. पित्याचा कलंक धुऊन काढणे आणि स्वतः जिवंत राहणे, हेच त्याचे कार्य ठरते. पण एका बाबतीत दोन्ही कथा एक आहेत. राघोबादादा दुबळे आणि योंगजो कठोर पण दुःखी, असे रंगविले म्हणजे अपराधाचा मोठा वाटा अंतःपुराकडे सरकविता येतो. मग वारसाहक्काची संदिग्धता, तटबाजी आणि थकलेला पगार ही कारणे पडद्याआड जातात.

याबाबतीत कागदांची कथाही बोधप्रद आहे. पित्याच्या मृत्यूसंबंधीच्या नोंदी राजसचिवालयाच्या दैनंदिनीतून काढून टाकाव्यात, अशी विनंती १७७६ मध्ये खुद्द जोंगजोनेच आजोबांना केली आणि ती मान्य झाली. म्हणजे जो वारस नाटकात सत्याचा शोध घेतो, त्यानेच इतिहासात पुरावा पुसविला. तरीही सादोची विधवा ह्येग्योंग हिने १७९५ ते १८०५ या काळात लिहिलेल्या आठवणी उरल्या आणि अंतःपुरातील एका स्त्रीची साक्ष अभ्यासकांना मिळाली. आनंदीबाईंच्या वाट्याला असे आत्मनिवेदन आले नाही. त्यांच्याविषयी इतरांनीच बोलावे, आणि तेही एका अक्षराच्या आधारे, असा त्यांचा योग.

नाटककाराला एक खलनायिका पुरते. इतिहासाच्या अभ्यासकाला ती पुरू नये. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादिलेले पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले आणि मूळ दप्तर पुण्यातच आहे. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी ठरविले ते पेशवाईच्या दरबारात. नाटकाने आनंदीबाईंना दिलेली शिक्षा मात्र कोणत्याही न्यायासनापुढे तपासली गेलेली नाही. तिचा फेरविचार करणे हे रामशास्त्र्यांच्याच परंपरेला धरून होईल.