फुगावाहित दुर्बिणींचे दिशानियंत्रण

फुगावाहित दुर्बिणींचे दिशानियंत्रण म्हणजे हेलियम वायूने भरलेल्या प्रचंड फुग्याला टांगलेली दुर्बीण निरीक्षणकाळात इच्छित खगोलाकडे अचूक रोखून ठेवण्याचे तंत्र होय. असे फुगे साधारणतः ३० ते ४० किलोमीटर उंचीवर तरंगतात. तेथे वातावरणाचा सुमारे ९९ टक्के भाग दुर्बिणीच्या खाली राहतो. त्यामुळे ताऱ्यांची लुकलुक जवळजवळ नाहीशी होते आणि जमिनीपर्यंत न पोहोचणारे अवरक्त किरणही टिपता येतात. मात्र आरसा कितीही निर्दोष असला, तरी दुर्बीण हलल्यास प्रतिमा पुसट होते आणि उंचीचा सारा लाभ वाया जातो.

अडचणीचे स्वरूप

जमिनीवरील दुर्बीण भक्कम पायावर उभी असते. तिच्या मोटारी पृथ्वीला रेटा देऊन तिला वळवतात. फुग्याखालील दुर्बिणीला रेटा देण्यासाठी काहीच नसते. फुगा स्वतःभोवती सावकाश फिरतो, टांगणीला पीळ पडतो आणि दुर्बिणीचा सांगाडा लंबकासारखा झुलतो. टांगणी १०० मीटर लांबीची असल्यास एका पूर्ण झोक्याला सुमारे २० सेकंद लागतात. दुसरीकडे, अर्धा मीटर व्यासाचा आरसा दृश्य प्रकाशात सुमारे ०.२ विकला इतके सूक्ष्म तपशील वेगळे दाखवू शकतो. एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. २५ मिलिमीटर व्यासाचे नाणे ५ किलोमीटरवरून पाहिल्यास जवळपास एवढाच कोन होतो.

कार्यपद्धती

सांगाड्यावर एक जड चाक बसवलेले असते. मोटारीने त्याचा वेग एका दिशेने वाढवला, की कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेनुसार सांगाडा उलट दिशेने वळतो. परंतु पीळ सतत एकाच बाजूने पडत राहिल्यास चाकाचा वेग वाढत जाऊन मर्यादेला पोहोचतो. तेव्हा टांगणीच्या जोडावरील दुसरी मोटार साचलेला संवेग दोराद्वारे वर फुग्याकडे पाठवते. ज्या फुग्याच्या हालचालींपासून दुर्बिणीला वाचवायचे, त्याच्याच जडत्वाचा असा उपयोग करून घेतला जातो.

दिशा कळण्यासाठी जायरोस्कोप आणि तारे ओळखणारा कॅमेरा यांची जोडी वापरतात. जायरोस्कोप क्षणोक्षणीची हालचाल सांगतो, पण त्याची चूक हळूहळू साचत जाते. कॅमेरा ती वेळोवेळी दुरुस्त करतो. खरा त्रास देते ते धारव्यांमधील स्थितिक घर्षण. अगदी लहान दुरुस्तीसाठी मोटार जोर लावते, तेव्हा धारवा आधी अडतो आणि मग एकदम सुटतो. नासाच्या ‘वॉस्प’ या प्रणालीत यावर उपाय म्हणून जोडांतील दंड सतत फिरते ठेवतात. उरलेला कंप दुर्बिणीच्या आतील छोटा हलता आरसा शोषून घेतो.

सर्वच निरीक्षणांना इतकी स्थिरता लागत नाही. उपमिलिमीटर लहरींवर काम करणाऱ्या ‘ब्लास्ट’ दुर्बिणीचे उड्डाणातील नियंत्रण सुमारे ३० विकलांचे होते; दुर्बीण प्रत्यक्षात कोठे पाहत होती, हे मात्र नंतरच्या गणिताने ५ विकलांच्या आत ठरवता आले.

इतिहास

प्रिन्स्टन विद्यापीठातील मार्टिन श्वार्झशिल्ड यांच्या ‘स्ट्रॅटोस्कोप १’ या ३० सेंटिमीटर दुर्बिणीने १९५७ साली सूर्यपृष्ठाची सुस्पष्ट छायाचित्रे घेतली. १९५९ च्या उड्डाणांत दूरचित्रवाणी कॅमेऱ्यामुळे ती जमिनीवरून रोखता येऊ लागली. भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची १ मीटर व्यासाची दूर-अवरक्त दुर्बीण हैदराबाद येथील फुगा केंद्रातून अनेकदा उडाली आहे.

२०२३ मध्ये न्यूझीलंडमधील वानाका येथून उडालेल्या ‘सुपरबिट’ या अर्धा मीटर दुर्बिणीत एकात एक अशा तीन चौकटी होत्या. तिच्या पद्धतीत दुर्बीण एका विकलेच्या आत आणि प्रतिमा सुमारे ०.०५ विकलेपर्यंत स्थिर ठेवली जाते.

अपयशही या क्षेत्राला नवे नाही. १ मीटर व्यासाची ‘सनराइज’ ही सौर दुर्बीण २००९ आणि २०१३ मध्ये यशस्वीपणे उडाली होती. जुलै २०२२ मध्ये नव्या उपकरणांसह ती स्वीडनमधील किरुना येथून पुन्हा उडाली. परंतु तांत्रिक बिघाडामुळे तिला सूर्याकडे वळवताच आले नाही. उपकरणे सज्ज असूनही ते उड्डाण आवरते घ्यावे लागले. दुरुस्तीनंतर जुलै २०२४ मध्ये दुर्बीण पुन्हा किरुनाहून निघाली आणि अनेक दिवस सूर्याचे निरीक्षण करून कॅनडात उतरली.