जात्याचा गळा

माझं ऑफिस हिंजवडीत. हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे मला तिथे तीन वर्षं नोकरी केल्यावर कळलं. आजीचं गावही मुळशीतच, पण पार डोंगराकडे. एकाच तालुक्याची ही दोन टोकं.

कोड लिहिताना मी जुनी अमेरिकन प्रेमगीतं लावते. टेम्प्टेशन्स वगैरे, चार-पाच जणांनी मिळून गायलेली. एकाने व्याकूळ व्हायचं आणि बाकीच्यांनी त्याला सावरून धरायचं. असं आपल्याकडे काय आहे, हे शोधताना 'पारी'च्या वेबसाइटवर नांदगावच्या बायकांच्या ओव्या सापडल्या. नांदगाव मुळशीतलंच!

या ओव्या जमवायचं काम १९८०च्या दशकात सुरू झालं. हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटवाँ हे दोघं 'गरीब डोंगरी संघटने'च्या कामासाठी इथल्या वाड्या-वस्त्यांवर जायचे. बायका सभेत गप्प बसायच्या, पण जात्यावर सगळं बोलायच्या. मग ओव्या लिहून घेणं सुरू झालं. हळूहळू राज्यभरातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाच्या वर ओव्या जमल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल आले. ते मूळचे इंजिनियर, तबल्याच्या बोलांसाठी 'बोल प्रोसेसर' नावाचं सॉफ्टवेअर लिहिलेले. त्यांनी ओव्यांचा डेटाबेस बांधला आणि गावोगावी ध्वनिमुद्रण केलं. (आमच्या कामाचा असाही उपयोग होतो, हे वाचून जरा बरं वाटलं.) पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. २०१७ पासून 'पारी' हा ठेवा ऑनलाइन आणते आहे.

त्या डेटाबेसमध्ये विषय, उपविषय, त्याखाली आणखी फांद्या आहेत. मी अर्थातच आधी नवऱ्यावरच्या ओव्या शोधल्या. त्याही आहेत, पण भाऊ, आई आणि लेक यांच्यावर बायका जेवढ्या मोकळेपणी गातात, तेवढ्या नवऱ्यावर नाही. त्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून तो 'कंथ' किंवा 'भरतार' म्हणून येतो. भावावर मात्र ओवीमागून ओवी. आधी मला हे निराशाजनक वाटलं. मग लक्षात आलं, सासरी असलेल्या बाईला ज्याची वाट उघडपणे पाहता येते असा पुरुष तो एकच. प्रेमाला जिथून वाट मिळाली, तिथून ते वाहिलं.

दिवाळीत गावी गेले आणि आजीसमोर फोन धरला. "म्हण ना एखादी."

"अशी बसून कशी म्हनू? हाताला काम न्हाई तर गळ्याला काय येनार?"

गिरणी आल्यापासून जातं अंगणात पालथं पडलं होतं. चुलतीने आणि मी ते धुऊन आत आणलं, नवा खुंटा ठोकला, मूठभर तांदूळ घेतले. आजी आणि चुलती समोरासमोर बसल्या, दोघींचे हात एकाच खुंट्यावर. आजीने घास टाकला, पाळं फिरलं आणि ओळ आली. ती संपायच्या आत चुलतीने उचलली. एकीचा दम सुटतो तेव्हा दुसरीचा आवाज चालू असतो, जात्याची घरघर तर थांबतच नाही. कागदावर दोन ओळींची असलेली ओवी तिथे 'गं बाई', 'बाई माज्या' घेत, मागे वळत, चांगली लांबली. सुरांचे थर नव्हते. दोघींचा सूर एकच, जरासा पुढेमागे. मागे गाणाऱ्यांनी सावरून धरायचं म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं.

आजी गात होती भावावर. तिचा हा भाऊ मी जन्मायच्या आधीच गेलेला. तिसऱ्या ओवीला तिचा आवाज फुटला, पण हात थांबला नाही. चुलतीने ती ओळ एकटीने पुरी केली.

"आणि आजोबांवर एक?" मी विचारलं.

"गप ए," म्हणून ती पदर तोंडाला लावून हसली. मग हळूच एक म्हटलीच. नेमकं तेव्हा माझ्या फोनचं स्टोरेज भरलं होतं.

रात्री तिला नांदगावचं रेकॉर्डिंग ऐकवलं. ओवीच्या चालीला बायका 'गळा' म्हणतात. आजीने कान देऊन ऐकलं आणि मान हलवली. "ह्यो गळा आमचा न्हाई. आमच्याकडं दुसरी ओळ वर जाती." आणि तिने ती वर नेऊन दाखवली, जात्याशिवायच.