कमरेचा काच

मुंबईत परळ येथे 1941 साली टाटा स्मारक रुग्णालयाचे दरवाजे उघडले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाती आली. नाना मुलुखांतून येणाऱ्या प्रत्येक रोग्याची चौकशी करताना तो कोणत्या गावचा, काय ओढतो, काय चघळतो आणि वस्त्र कसे नेसतो, हेही विचारले पाहिजे, ही त्यांच्या संशोधनाची दृष्टी होती. 1945 साली सूर्याबाई यांच्यासह त्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात चालीरीतींपासून उद्भवणाऱ्या कर्करोगाचे तीन नवे प्रकार वर्णिले होते. त्यांपैकी एक धोतराचा.

धोतर दिवसभर ढळू नये म्हणून कमरेशी घट्ट आवळून बांधावयाचे, त्यावर घाम आणि धूळ, आणि हा क्रम वर्षानुवर्षे. काच पडतो ती जागा प्रथम काळवंडते, मग जाड व खरखरीत होते, खपल्या धरते. पुढे तेथे एखादी जखम होते आणि ती काही केल्या भरत नाही. अशा जुनाट क्षतातून त्वचेच्या शल्कपेशींचा कर्करोग उपजतो. तो विरळा असला तरी जुन्या व्रणात उपजला की उन्हामुळे होणाऱ्या त्वचाकर्करोगांहून अधिक आक्रमक ठरतो आणि जांघेतील लसिकागाठींपर्यंत पोचू शकतो. लंडनची धुराडी साफ करणाऱ्यांमध्ये काजळीने होणारा कर्करोग पर्सिव्हल पॉट यांनी 1775 साली ओळखला होता, काश्मिरात पोटाशी कांगडी धरणाऱ्यांचा एल्म्स्ली यांनी 1866 साली. खानोलकरांचे कार्य मला याच थोर परंपरेतले वाटते, कारण रोगाचे मूळ त्यांनी रोग्याच्या नित्याच्या आयुष्यात शोधले.

पुढे धोतर मागे पडले; परकराची नाडी आणि लुगड्याची गाठ मात्र राहिली. वर्ध्याच्या व बिहारच्या डॉक्टरांनी 2024 साली दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी एकीने परकराविना, थेट कमरेशी लुगडे घट्ट आवळण्याचा रिवाज जन्मभर पाळला होता, आणि तिच्या जांघेतील एका लसिकागाठीत रोग पोचलेला आढळला. नाडी सैल करावी, तीच जागा रोज आवळू नये, हा उपाय पैशाचाही नाही. पण कमरेचा काळा पट्टा अनेक स्त्रिया वैद्यापुढेही उघडा करीत नाहीत, आणि त्या संकोचात मोलाचे महिने जातात.

अशा स्त्रियांपर्यंत पोचण्याची एक वाट नोंदणीतून जाते. कर्करोगाच्या रुग्णांची नोंद ठेवणारे, लोकसंख्येवर आधारलेले दप्तर मुंबईत 1963 साली सुरू झाले, ग्रामीण भागात बार्शीस 1987 साली; तेथील कर्मचारी गावोगाव फिरून, लक्षणे समजावून सांगून नोंदी घेत. जुन्या पश्चिम खानदेशातील, आज नंदुरबार जिल्ह्यातील धानोरा हे गाव, उदाहरणार्थ, या दोन्ही दप्तरांच्या हद्दीबाहेर आहे. बार्शीसारखा कर्मचारी धानोऱ्याच्या घरोघरी गेला पाहिजे, आणि त्याच्यासोबत एखादी परिचारिका हवी. म्हणजे म्हातारी आपली कंबर निःसंकोचपणे दाखवील.